मादी, नर आणि अंडी: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२५

विषय ठरला एकदाचा. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरच्या मादीला नर निवडायला मिळाला तर तिच्या प्रजननात फरक पडतो का? एम.एस्सी.चं शेवटचं सत्र, हातात चार महिने. या माशीची पिढी २५ अंशांना दहा दिवसांत तयार होते, म्हणून मॅडमनी हो म्हटलं. हत्तीवर करायला घेतला असता तर माझ्या नातवंडांनी सादर केला असता.

वहीच्या आतल्या पानावर मॅडमनी दोन नियम लिहायला लावले. रोजची नोंद रोज, आणि चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून पुढे जायचं. दुसरा: माशांबद्दल ‘बिचारी’, ‘लाजली’, ‘हट्टी’, ‘स्थळ नाकारलं’ असलं काही लिहायचं नाही. “पळाली लिही. लाथ मारली लिही. का मारली ते तुला माहीत नाही.”

स्टॉक ओरेगॉन-के (या माशीचा प्रयोगशाळेतला एक वाण). म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला स्टॉक सेंटरहून सीनियर मंडळींनी आणलेला, तेव्हापासून आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या बाटल्यांत वाढतोय. म्हणजे या माशांनी खरं केळं, खरी बाग, काही काही बघितलेलं नाही. हे शेवटी निष्कर्षात लिहायला विसरायचं नाही.

१० जानेवारी

माध्यम शिजवलं. पिकलेली केळी, गूळ, जवाचं पीठ, यीस्ट, आगर. बुरशी लागू नये म्हणून निपाजिन आणि प्रोपिऑनिक आम्ल, पण ते मिश्रण कोमट झाल्यावरच. उकळत्यात ओतलं की वाफेबरोबर उडून जातं आणि आठवड्याने व्हायलमध्ये (माशा वाढवायच्या छोट्या नळीत) हिरवी लोकर उगवते. गेल्या वर्षी एकीचं तसंच झालं होतं. मामांनी (आमचे लॅब अटेंडंट) भांड्यात डोकावून विचारलं, “शिरा का?” वास खरंच शिऱ्याचा येतो, आम्ल पडेपर्यंत.

१२० व्हायल भरल्या. कापसाचे बोळे कमी पडले.

१४ जानेवारी

संक्रांत. घरी फोन. बाबांची समजूत अशी की मी आंब्यावरच्या फळमाशीवर काम करते आणि मे महिन्यापर्यंत आमच्या बागेवर काहीतरी उपाय घेऊन येणार. राजापुरात ‘फळमाशी’ म्हटलं की ती एकच: बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, जिच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे कलमांना टांगतात. माझी माशी ते चिलट, केळ्यांच्या घडावर घोंघावणारं. कुळ वेगळं, सवयी वेगळ्या. बाग नासवते ती फळमाशी सालीला भोक पाडून चांगल्या फळात अंडी घालते. माझी मात्र आंबलेल्यावर, सडायला लागलेल्यावर येते.

पण सांगता सांगता एक लक्षात आलं. सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉलकडे येतात ते फक्त नर. तो पदार्थ खाल्ला की त्यांच्या गंधद्रव्यात उतरतो, आणि असे नर न खाल्लेल्या नरांपेक्षा मीलनात सरस ठरतात. म्हणजे आमच्या बागेत जांभ्याच्या गडग्यावर टांगलेला तो डबा मादीच्या पसंतीवरच चालतो. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “मग विषय तोच घ्यायचा होतास की.”

२३ जानेवारी

नर दोन मापांचे हवेत. त्यासाठी जनुकं नकोत, दाटी पुरते. एका व्हायलमध्ये ५० अंडी मोजून टाकली तर अळ्यांना पोटभर मिळतं आणि नर मोठे होतात. त्याच माध्यमात ३०० टाकली की उपासमारीतून वाचतात ते बारके. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, पांढरं, पुढच्या टोकाला दोन वल्ह्यांसारखे तंतू. ब्रशच्या टोकाने एकेक उचलून मोजायचं. ३०० च्या चार व्हायल भरल्यावर मान ताठ झाली. रात्री डोळे मिटले तरी पांढरे ठिपके दिसत होते.

२ आणि ३ फेब्रुवारी

व्हर्जिन, म्हणजे अजून मीलन न झालेल्या माद्या, गोळा करणे. कोषातून बाहेर आल्यावर २५ अंशांना साधारण आठ तास मादी नराला घेत नाही. म्हणून सकाळी आठला बाटली पूर्ण रिकामी करायची आणि दुपारी तीन-साडेतीनच्या आत जे बाहेर येईल ते गोळा करायचं. रात्रभराची सोय हवी असेल तर बाटली १८ अंशांत ठेवायची, मग सोळा तास मिळतात. नुकती बाहेर आलेली मादी ओळखू येते: फिकट, फुगीर, पंख अजून चुरगळलेले, आणि पोटाच्या पातळ त्वचेतून दिसणारा हिरवट काळा डाग. नर ओळखायचा तो पोटाच्या काळ्या बोथट टोकावरून आणि पुढच्या पायावरच्या काळ्या कंगव्यावरून.

आईला फोनवर “व्हर्जिन गोळा करतेय” असं म्हटलं गेलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

मिळाल्या ४६ माद्या. चार दिवस थांबायचं. ज्या व्हायलमध्ये अळ्या दिसतील ती फेकायची, कारण व्हर्जिनही थोडी अंडी घालते पण ती फुटत नाहीत. अळी दिसली की माझी नजर चुकली.

७ फेब्रुवारी

पहिली चाचणी. २० व्हायल, प्रत्येकीत एक मादी, एक मोठा नर, एक बारका. वेळ एक तास. जो लागेल (मीलन करेल) तो ‘निवडलेला’, दुसरा लगेच पुटरने (माशी ओढून घ्यायच्या नळीने) ओढून बाहेर.

जन्मात पहिल्यांदा नीट पाहिलं. व्हायल ९. मोठा नर मादीकडे तोंड करून उभा राहिला, मग तिच्या मागे मागे. पुढच्या पायाने तिच्या पोटाला टिचकी मारल्यासारखं केलं. पायावर चव ओळखणारे केस असतात, ती मादी आहे आणि आपल्याच जातीची आहे हे त्यातून कळतं. मग एक पंख, एकच, काटकोनात बाहेर काढून थरथरवला. हे त्याचं गाणं. कानाला ऐकू येत नाही, पण या जातीत दोन स्पंदनांमधलं अंतर सेकंदाच्या पस्तीस हजाराव्या नव्हे, पस्तीस सहस्रांश भागाच्या आसपास असतं (लिहिताना चुकले, नियमाप्रमाणे ठेवते), आणि जवळच्या दुसऱ्या जातीत ते वेगळं. मादी चालत राहिली. तो फिरून दुसऱ्या बाजूला गेला आणि तिच्या बाजूचा पंख काढला. तिने मागच्या पायाने लाथ मारली. तो थांबला, पुन्हा आला. अकराव्या मिनिटाला ती थांबली. एवढंच घडलं: थांबली. तो चढला. १७ मिनिटं.

मध्यंतरी बारका नर काय करत होता ते पाहायचं राहिलं होतं. मोबाइलवरचं चित्रण पुन्हा लावलं. दोन वेळा तो मादीजवळ आला होता आणि दोन्ही वेळा मोठ्याने त्याला व्हायलच्या बोळ्यापर्यंत पिटाळलं होतं.

२० पैकी १४ लागल्या. ११ मोठ्या नराशी, ३ बारक्याशी. मी खूश.

८ फेब्रुवारी

खुशी टिकली नाही. मॅडमनी व्हायल ९ चं चित्रण पाहिलं आणि एकच विचारलं, “इथे निवड कुणी केली? तिने, की त्याने?”

बरोबर आहे. बारक्याला तिच्यापर्यंत पोचूच दिलं नाही तर तिने त्याला नाकारलं असं कसं म्हणायचं? आणि यातून पुढे मोठ्या नराच्या मादीने जास्त अंडी घातली असती, तर ती निवडीमुळे, नराच्या मापामुळे, की दोघांचा त्रास सहन केल्यामुळे? तीन गोष्टी एका व्हायलमध्ये कोंबल्या. आणि ज्या सहा लागल्याच नाहीत त्यांना मी सरळ वगळलं, जणू एकालाही न घेणं ही निवडच नाही.

दोन आठवड्यांचं काम. एक रेघ मारली.

१२ फेब्रुवारी

वाचन. बेटमन, १९४८. ज्यावर अख्खी पाठ्यपुस्तकं उभी आहेत तो प्रयोग याच माशीवरचा. काही नर, तितक्याच माद्या एकत्र ठेवायच्या, प्रत्येकात डोळ्याला दिसणारं वेगळं उत्परिवर्तन, आणि पिल्लांवरच्या खुणांवरून आई-बाप ओळखायचे. निष्कर्ष: जितक्या जास्त माद्या तितकी नराची पिल्लं जास्त; मादीला मात्र एका नरानंतर फारसा लाभ नाही. म्हणून नर उतावळा आणि मादी चोखंदळ.

२०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी, यॉंग-क्यू किम आणि वायट अँडरसन यांनी तो तसाच्या तसा पुन्हा केला. घोळ खुणांमध्येच होता. ज्या पिल्लात आईची आणि बापाची अशी दोन्ही उत्परिवर्तनं येतात ते बऱ्याचदा जगतच नाही. आणि दोन्ही पालक नक्की ओळखता येतात ते नेमक्या त्याच पिल्लांवरून. म्हणजे मोजणीला उरले ते अर्धवट पुरावेवाले. बेटमनच्या आकड्यांत पिल्लांना आयांपेक्षा बाप जास्त निघतात, जे कुठल्याच जगात शक्य नाही. कित्येक दशकं कुणी ही बेरीज करून बघितली नाही याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

आणखी एक. त्याचे प्रयोग तीन-चार दिवसांचे. एवढ्या वेळात मादीला दुसऱ्या नराची गरजच नसते, साठवलेले शुक्राणू पुरतात. शिवाय त्याने प्रयोगांच्या मालिका दोन आलेखांत विभागल्या होत्या. पहिल्या चार मालिकांच्या आलेखात मादीची रेघही चढती दिसते. पुस्तकांनी मात्र दुसरा आलेख उचलला.

१४ फेब्रुवारी

लिंडा पार्ट्रिज, १९८०. हा माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा. एका गटातल्या माद्यांना नरांच्या घोळक्यात सोडलं, दुसऱ्या गटातल्यांना एकेक नर वाटून दिला. मग त्यांच्या अळ्यांची दुसऱ्या एका ठरावीक वाणाच्या अळ्यांशी खाण्यासाठी स्पर्धा लावली. घोळक्यातल्या माद्यांची पिल्लं थोडी सरस ठरली. पण घोळक्यात नर एकमेकांशीही झटतात. म्हणजे मॅडमचा व्हायल ९ चा प्रश्न इथेही लागू.

याच्या उलट टोकाला फ्रीबर्ग आणि आर्नक्विस्ट, २००३. माद्यांना जे नर पसंत पडतात त्यांच्यासोबत राहून माद्यांचं नुकसानच होतं. त्याच्या आदल्या वर्षी पिटनिक आणि गार्सिया-गोन्झालेझ यांनी दाखवलं की नर जितका मोठा तितकी मादीला होणारी इजा जास्त. आपल्याला वाटतं पसंत ते हिताचं. इथे पसंत पडणं आणि हिताचं असणं या दोन वेगळ्या रकाने आहेत. ‘दोन वेगळे रकाने’. झोप आली आहे.

१७ फेब्रुवारी

नवा आराखडा. मॅडमच्या टेबलावर दोन तास, तीन चहा.

सगळे नर एकाच मापाचे, ५० अंड्यांच्या व्हायलमधले. मापाचा प्रश्न मिटला. एका वेळी एक मादी आणि एकच नर, म्हणजे नरानराची मारामारी नाही. आधी प्रत्येक नराची परीक्षा वेगळ्या ‘चाचणी मादी’समोर. दहा मिनिटांत जिने त्याला घेतलं तो ‘पसंत’, तासभरात घेतलं नाही तो ‘नापसंत’. मधले बाद. मग दोन दिवसांनी हे नर खऱ्या प्रयोगातल्या माद्यांना चिठ्ठ्या टाकून वाटायचे.

यात एक खड्डा होता तो मला आधी दिसला, याचा मला अभिमान आहे. पसंत नराने चाचणीत एकदा मीलन केलं की त्याचा साठा खर्च झाला. नापसंत मात्र भरलेला. मग ती तुलना कसली? उपाय: नर चढला रे चढला की मिनिटाच्या आत ब्रशने वेगळं करायचं. शुक्राणू जायला त्याहून जास्त वेळ लागतो. मॅडम म्हणाल्या, “जमेल?” म्हटलं बघू.

माद्या ५४. क्रमांक १ ते १५ पसंत नर, १६ ते ३० नापसंत. यांचं एकच मीलन, मग नर बाहेर. ३१ ते ४२ पसंत नर कायम सोबत, ४३ ते ५४ नापसंत नर कायम सोबत. अंडी एक दिवसाआड मोजायची, किती फुटली तेही.

१ मार्च

व्हर्जिन गोळा. मावशींना बीट किसायला मदत मागितली. अंडी मोजायच्या आगरला गडद रंग हवा, पांढरं अंडं उठून दिसतं. बाहेर द्राक्षाचा रस वापरतात, आमच्याकडे बीट.

३ मार्च

नरांची परीक्षा. ब्रशने वेगळं करणं जमतं, पण दोघं चिकटून पडतात आणि सोडवताना पाय मोडायची भीती. चार नर लंगडे झाले, बाद. एकाला वेगळं करून व्हायलमध्ये टाकलं तर तो बोळ्याच्या कापसाला पंख काढून दाखवत बसला.

५ मार्च

खरा प्रयोग सुरू. सकाळी सातला, कारण सकाळी मीलन लवकर होतं.

१ ते १५ मधल्या सगळ्या लागल्या. १६ ते ३० मधल्या सहा माद्यांनी दोन तासांतही नराला घेतलं नाही. म्हणजे चाचणी मादीला जे नको होतं ते बऱ्याचदा या मादीलाही नको होतं. पसंती काही प्रमाणात सामाईक दिसते. पण तोटा असा की उरलेल्या नऊ या त्या आहेत ज्यांना हा नर चालला. ‘नापसंत’ गटातून नापसंती गळून गेली. वहीत लाल शाईने लिहिलं.

७ मार्च

पहिल्या दोन दिवसांची सरासरी, दर मादी दर दिवशी: पसंत ५७, नापसंत ५५. टी-टेस्ट (फरक खरा की योगायोग ते तपासणारी कसोटी) लावायच्या आधीच कळतंय, फरक नाही. फुटण्याचं प्रमाणही दोन्हीकडे नव्वदीच्या वर.

कायम सोबतवाल्यांत मात्र पसंत गट पुढे: ६६ विरुद्ध ५८. वर्गातल्या मैत्रिणीला फोन केला, “निवडीचा फायदा दिसतोय.”

१४ मार्च

धूलिवंदन. गेटवरच्या काकांनी आत सोडलं, पण आधी गुलाल लावून. मोजताना बोटं बिटाची की रंगाची कळेना. पसंत-सोबत गट आता ४१, नापसंत-सोबत ४६. मैत्रिणीला पुन्हा फोन करायचं टाळलं.

१८ मार्च

पहिल्या आठवड्यातला ‘फायदा’ दुसऱ्या आठवड्यात कुठे गेला? मॅडमनी १९९५ चा चॅपमन, वोल्फनर, पार्ट्रिज वगैरेंचा निबंध दिला. मीलनात नराकडून फक्त शुक्राणू जात नाहीत. त्याच्या उपांग ग्रंथींतली प्रथिनंही जातात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं ‘सेक्स पेप्टाइड’, ३६ अमिनो आम्लांची साखळी. ते मादीच्या शरीरात गेलं की ती जास्त अंडी घालते, जास्त खाते आणि दुसऱ्या नराला लाथा मारते. ते ओळखणारं मादीच्या पेशींवरचं प्रथिन (ग्राही) २००८ मध्ये सापडलं. आणि १९९५ च्या कामातून दिसलं की हीच प्रथिनं जितकी जास्त मिळतात तितकं मादीचं आयुष्य कमी होतं.

म्हणजे ६६ हा आकडा मी कुणाच्या खात्यात मांडत होते? मादी खूश म्हणून ६६ अंडी, असं मी मनात धरलं होतं. ती अंडी घालण्यामागे नराच्या रसाचा धक्का असेल तर सुरुवातीचा जास्तीचा आकडा हा तिचा लाभ नाही, पुढचं आधीच खर्च होणं आहे. नराचं यात काय जातं? ती उद्या दुसऱ्याबरोबर जाणारच असेल तर आज जितकी अंडी घालेल तितकी त्याची.

मृत्यू: पसंत-सोबत १२ पैकी ४, नापसंत-सोबत १२ पैकी १. फिशरची कसोटी लावली, ०.३२. म्हणजे नुसत्या योगायोगानेही इतका फरक सहज पडतो. मला तो फरक खरा वाटतोय, पण वाटण्याचा रकाना तक्त्यात नाही.

२४ मार्च

सकाळी लॅब उघडली आणि बीओडीचा (माशा ठरावीक तापमानात ठेवायच्या कपाटाचा) आवाज नाही. आतलं तापमान ३३. शनिवारी रात्री कधीतरी कॉम्प्रेसर बंद पडला असावा. रविवारी मोजणी नव्हती, म्हणून कुणी आलं नाही. दुरुस्तीवाल्याला आठवडाभर आधी कळवलं होतं की यंत्र खडखड करतंय. “बघतो” म्हणाला होता. बघितलं नाही.

मुख्य प्रयोगाचं मोजमाप ऐंशी टक्के झालेलं होतं ते नशीब. पण दुसरी तुकडी, जिच्यावर सगळं पुन्हा करून पाहायचं होतं, तिच्या अळ्या आणि कोष याच कपाटात. माद्या १८ अंशांच्या दुसऱ्या कपाटातल्या, त्या वाचल्या.

मामांनी बर्फाच्या पिशव्या आणून ठेवल्या. काहीही उपयोग नव्हता, पण बरं वाटलं.

३० मार्च

पाडवा. कोषांतून नर निघतायत, दिसायला ठणठणीत. घेऊन टाकले.

२ एप्रिल

दुसरी तुकडी. २० माद्या. नर उत्साही, पंख काढतायत, मीलन नेहमीसारखं, १५ ते १९ मिनिटं.

३ एप्रिल

अंडी सरासरी ४४. छान.

४ एप्रिल

जवळजवळ काहीच फुटलं नाही. २० पैकी १७ प्लेटांवर एकही नाही. आगरवर पांढरी अंडी तशीच, वल्ही पसरून. फुटलेलं अंडं चुरगळलेल्या रिकाम्या पिशवीसारखं दिसतं. ही सगळी टणटणीत भरलेली. मी भिंग बदललं, दिवा बदलला, मामांना बघायला लावलं.

मॅडमनी शांतपणे विचारलं, “नर कुठे वाढले?”

३३ अंशांत. तिशीच्या वर वाढलेले नर वांझ निघतात, हे पहिल्या वर्षीच्या पुस्तकात आहे. मी त्यावर परीक्षेत दोन गुण मिळवलेत.

५ एप्रिल

रडून झाल्यावर मोजलं. कालची अंडी सरासरी २१, आज ९. नेहमीच्या नराच्या माद्या या दिवशी पन्नाशीच्या घरात असतात.

हे बघितल्यावर एकदम चक्र फिरलं. सेक्स पेप्टाइड शुक्राणूंच्या शेपटीला चिकटून राहतं आणि हळूहळू सुटतं, म्हणून त्याचा अंमल आठवडाभर टिकतो. शुक्राणू नसतील तर अंमल एखाद-दुसऱ्या दिवसात ओसरतो. म्हणजे या माद्यांना रस मिळाला, शुक्राणू मिळाले नाहीत. पहिल्या दिवशी नेहमीसारखी अंडी, आणि ती जवळजवळ सगळी फुकट. अंडी घालणं आणि पिल्लं होणं या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर सुट्या झाल्या. खास वांझ वाण मागवून जे करतात ते एका बंद पडलेल्या कॉम्प्रेसरने करून दिलं.

दुपारी खात्री करायला याच माद्यांना चांगले नर दिले. २० पैकी १६ माद्यांनी अर्ध्या तासात घेतलं. तीन दिवसांपूर्वी नीट मीलन झालेली मादी सहसा असं करत नाही.

७ एप्रिल

ज्या चार माद्यांनी दुसरा नर घेतला नव्हता त्यातली एक उघडली. सलाइनच्या थेंबात दोन सुयांनी पोटाचं टोक ओढलं, गर्भमार्ग अलगद बाहेर आला. या माशीत शुक्राणू साठवायच्या दोन प्रकारच्या जागा: वळ्या-वळ्यांची एक बारीक नळी आणि भूछत्रासारख्या दोन तपकिरी टोप्या. तुलनेला ठेवलेल्या चांगल्या मादीची नळी सूक्ष्मदर्शकाखाली हलत होती, आत केसांचा गुंता वळवळावा तशी. एकेक शुक्राणू जवळजवळ दोन मिलिमीटर लांब, म्हणजे माशीच्या अंगाच्या निम्म्याहून जास्त. वांझ नराच्या मादीची नळी स्तब्ध. काच असावी तशी आरपार.

तीस मिनिटं बघत बसले. फोटो नीट आला नाही.

९ एप्रिल

प्रबंधात काय लिहायचं ते ठरलं. मूळ प्रश्नाला उत्तर: एकाच मीलनात पसंत आणि नापसंत नरांच्या माद्यांच्या अंड्यांत फरक आढळला नाही, मात्र नापसंत गटातून सहा माद्या गळल्या. कायम सोबतीत पसंत गट आधी पुढे, नंतर मागे. माद्या थोड्या, म्हणून दावा नाही. आणि ‘अंड्यांची संख्या’ हे मी मादीच्या लाभाचं माप म्हणून धरलं ती चूक. वांझ नरांचं स्वतंत्र प्रकरण त्यासाठी. मॅडम म्हणाल्या, ते प्रकरण आधी घे. मी म्हटलं, ते तर अपघाताने झालं. “मग तसं लिही.”

ज्युनियरने विचारलं, पुढच्या वर्षी हाच विषय घेऊ का? सांगितलं, घे, पण अंडी मोजू नकोस. मोठी होऊन बाहेर पडणारी पिल्लं मोज. आणि बीओडीत रविवारीही डोकाव.

१२ एप्रिल

स्टॉक ज्युनियरच्या ताब्यात. २४ बाटल्या, लेबलं नवीन केली. मुख्य प्रयोगातल्या उरलेल्या माद्यांची शेवटची मोजणी.

मादी ३१. पसंत नर, ५ मार्चपासून सोबत, ३३ अंशांतूनही गेलेली. पंखांच्या कडा झिजून दातेरी झाल्यात. माझ्या सगळ्या अंदाजाप्रमाणे हिने पहिल्यांदा मरायला हवं होतं. आज ४२ दिवसांची. परवा ६ अंडी, त्यातली ५ फुटली.